आमच्या घरचा परवलीचा शब्द

माझ्या नाकावर राग असतो असं आई म्हणते, आणि ते खरं आहे. त्यामुळे घटस्फोटाचा निकाल लागला त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मी गप्प राहिले, हे आमच्या नातेवाइकांना आजही पटत नाही. मोठे दीर, म्हणजे त्या दिवसापासून माझे कुणीच नसलेले दीर, जिन्याजवळ थांबून म्हणाले होते, "पोरगी आमची हाय. कवा उचलून नेऊ, तुमास्नी कळायचं बी न्हाई."

मी गप्प बसले कारण माझी पाचावर धारण बसली होती. लेकीचा ताबा माझ्याकडे आला होता, पण कागद सांगलीत आणि त्यांचं गाव तिकडे माण तालुक्यात, दहिवडीच्याही पुढे. एकदा तिला तिथे नेऊन ठेवलं असतं, तर परत आणायला मला पुन्हा त्याच व्हरांड्यात वर्षानुवर्षं उभं राहावं लागलं असतं. तोवर पहिलीत जाणारी माझी पोर मला विसरली असती. मला झोपेत, जागेपणी, स्कूटर चालवताना फक्त एवढंच दिसायचं, की शाळा सुटलीय आणि ती फाटकात नाहीये.

तिचे पप्पा फौजेत आहेत. माणूस वाईट नाही, हे मी तेव्हाही सांगायचे आणि आताही सांगते. ते प्रत्येक गोष्टीत मोठ्या भावाचं ऐकायचे आणि मी कुणाचंच ऐकत नव्हते, त्यामुळे घर चालणं कठीणच होतं. घटस्फोटानंतर एक वेगळीच पंचाईत झाली. आता त्यांना हाक काय मारायची? 'अहो' म्हणायला जीभ वळेना आणि नावाने हाक मारायची सवय नव्हती. शेवटी मी हाक मारणंच सोडून दिलं. समोर जाऊन उभी राहायचे आणि बोलायला लागायचे.

शाळेत जाऊन मुख्याध्यापक बाईंना कोर्टाचा आदेश दाखवला. फाटकावरच्या मावशींना सांगितलं, रिक्षावाल्या काकांना सांगितलं, विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांना सांगितलं. एवढं करून जीव टांगणीलाच. मग एका सकाळी चहा पिताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "भ्यायचं काम न्हाई. पहारा लावायचा."

आबा सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गाव शिराळ्याजवळचं, पण पेन्शन सुरू झाल्यावर आमच्या शिक्षणासाठी त्यांनी सांगलीत घर बांधलं. निवृत्तीला इतकी वर्षं झाली तरी ते कुंडीतली तुळससुद्धा रांगेत लावतात. त्यांची योजना साधी होती. छावणीच्या फाटकावर पहारा देणारा जवान, म्हणजे संतरी, कुणी जवळ येताना दिसलं की ओरडतो, "थम! हुकमदार!", म्हणजे थांब, कोण आहे. येणाऱ्याने जागच्या जागी थांबायचं, हात वर करायचे आणि 'दोस्त' म्हणायचं. मग त्या दिवसाचा ठरलेला परवलीचा शब्द सांगायचा. शब्द बरोबर असेल तरच पाऊल पुढे टाकायचं. समोर कर्नल असला तरी संतरी त्याला सोडत नाही, आणि कर्नलही रागावत नाही, उलट शाबासकी देतो. आबांचं म्हणणं असं, की आपली संतरी आपल्याच घरात आहे, फक्त तिला शिकवायला पाहिजे.

मला आधी हे खूळ वाटलं. एवढ्याशा पोरीच्या डोक्यावर कशाला हे ओझं? पण तिला ते ओझं वाटलंच नाही. तिला तो आजवरचा सगळ्यात भारी खेळ वाटला. अंगणात तालीम सुरू झाली. आबा झाडूवाली बाई व्हायचे, शेजारच्या काकू व्हायचे, दूधवाला व्हायचे, आणि ती पायरीवर पाय रोवून, तळहात पुढे करून ओरडायची. आई वाळवणं घालायला अंगणात आली की तिलाही थांबावं लागे. डोक्यावर कुरडयांचं ताट, हात वर कसे करणार? मग ती ताटासकट म्हणायची, "दोस्त गं बाई, दोस्त."

शब्द कुणी निवडायचा, यावर बैठक झाली. आबांच्या मते जी पहारा देते तिनेच निवडायचा, दर रविवारी बदलायचा, आणि कुणाच्या तोंडात सहज येणार नाही असा असायला हवा. माझ्या लेकीने विचार करून सांगितलं, "दोडका." का, तर कुठलंही शहाणं माणूस आपणहून दोडक्याचं नाव घेणार नाही. तेव्हापासून आमच्या घरात तिच्या नावडत्या भाज्यांची मिरवणूकच निघाली. गवार झाली, कारलं झालं, शेपू झाला. आईने त्यात स्वतःची भर घातली. ज्या आठवड्यात जो शब्द, त्या आठवड्यात ती भाजी हमखास शिजायची, म्हणे लक्षात राहावा म्हणून. लेकीने एका रविवारी 'श्रीखंड' म्हणून बघितलं. आजीने तो शब्द ओळखायला फार सोपा आहे म्हणून नामंजूर केला.

पहाऱ्यात पहिला सापडला तो माझा मामा. मी विश्रामबागेतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. त्या दिवशी प्रॅक्टिकलची परीक्षा लांबली आणि आबा दातांच्या डॉक्टरकडे अडकले होते. शिराळ्याहून नुकताच आलेला मामा म्हणाला, मी आणतो की पोरीला. ऊस, हळद आणि राजकारण या तिन्हींवर अधिकाराने बोलणारा हा माणूस शाळेच्या फाटकात गेला आणि एवढीशी नात त्याला म्हणाली, थम. मामा थांबला. तिने शब्द विचारला. घाईघाईत त्याला शब्द सांगायचं आम्ही सगळेच विसरलो होतो. मामाने आधी 'गणपती' म्हणून बघितलं, मग 'हळद', मग 'भडंग'. पोरीची मान प्रत्येक वेळी नाही म्हणून हलत होती आणि भोवती गर्दी जमत होती. शेवटी मामा फाटकाजवळच्या दगडावर बसून राहिला आणि ती मावशींच्या स्टुलाजवळ.

मी पोचले तेव्हा मामाचं तोंड एवढंसं झालं होतं. घरी आल्यावर त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही. जेवायला बसल्यावर पानात शेपू पडला, आई म्हणाली हाच तो शब्द, आणि मामाला जे हसू फुटलं ते आवरेना. हसून हसून आमची पुरेवाट झाली. पुढे नागपंचमीला आम्ही शिराळ्याला गेलो, तर मामाने ही गोष्ट अख्ख्या भावकीत आधीच सांगून ठेवलेली. ज्याला त्याला माझी लेक दाखवत तो म्हणत होता, "हीच ती. लय कडक हाय."

एवढं सगळं हसण्यावारी चाललं होतं, तरी माझी भीती गेली नव्हती. मामा हा मामा होता. तिचे पप्पा समोर आले तर? तिचा त्यांच्यावर जीव होता. रजेवर आले की कोर्टाने ठरवून दिल्याप्रमाणे रविवारी ते आमच्या घरी येत, सोफ्याच्या कडेला बसत आणि ती त्यांच्या मांडीवर बसून तोंडाचा पट्टा सोडत असे. त्यांना बघितल्यावर ती धावत सुटणार, हे मला माहीत होतं. आणि एकदा गाडीत बसली की संपलं.

ते आले ते बुधवारी. मी प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते आणि मावशींचा फोन आला. "बाई, लगीच या. पोरीचे पप्पा आल्यात. बाहेर जीप उभी हाय, तिच्यात त्येंचा भाऊ हाय." मी अंगावरच्या पांढऱ्या कोटासकट स्कूटरवर बसले. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं ठरवलं होतं आणि त्यातलं निम्मं इथे लिहिण्यासारखं नाही.

फाटकात घडलं ते मला मावशींनी नंतर कितीतरी वेळा सांगितलं. शाळा सुटली. पोरीने पप्पांना पाहिलं आणि ती धावत सुटली, अगदी मला वाटलं होतं तशीच. हातातली पाण्याची बाटली मध्येच पडली. मग काय झालं कोण जाणे, ती अर्ध्या वाटेत थबकली. पाय रोवले, तळहात पुढे केला आणि ओरडली, "थम! हुकमदार!"

आणि ते थांबले. मावशी म्हणतात, बटण दाबल्यासारखे थांबले. टाचा जुळल्या, हात वर गेले. एका हातात साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुडा, तोसुद्धा वरच. त्यांच्या तोंडून निघालं, "दोस्त." तिने शब्द विचारला. त्यांना शब्द माहीत नव्हता. तिने त्यांना नीट समजावून सांगितलं, की मग तुम्हाला येता येणार नाही, शब्द आईकडे मिळतो. जीपमधून भाऊ हाका मारत होते, पोरीला उचल आणि चल म्हणून. रिक्षावाले काका पुढे सरकले होते. पण पप्पांनी हात खाली घेतले नाहीत आणि पाऊल पुढे टाकलं नाही.

मी पोचले तेव्हा ते तसेच उन्हात उभे होते, हात तेवढे खाली आलेले. लेक मावशींच्या स्टुलावर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती आणि त्यांच्यावरची नजर काढत नव्हती. मी ठरवलेलं सगळं बोलायला तोंड उघडलं. त्याआधीच त्यांनी विचारलं, "आजचा शब्द काय हाय?"

त्यांनी माझ्याकडे काही मागितलं असं लग्नाच्या सगळ्या वर्षांत झालं नव्हतं. मागायची पद्धतच नव्हती त्यांच्या घरात. माझा राग गेला नाही, पण ठरवलेलं भांडण मी बाजूला ठेवलं. मी म्हटलं, शब्द मिळणार नाही, आधी घरी चला. लेकीला स्कूटरवर पुढे घेतलं आणि मागून जीप आली.

घरी आबांनी त्यांना बसायला सांगितलं. आईने चहा टाकला, आणि धुसफुसत का होईना, जीपमध्ये बसून राहिलेल्या भावालाही कप नेऊन दिला. आबांनी आडून न विचारता सरळच विचारलं.

"पोरीला न्यायला आला हुता?"

"व्हय."

"मग न्हेली का न्हाई?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "संतरी ड्युटीवर हुती, साहेब. वर्दीत हुती. तिला वलांडून कसं जायाचं?"

वर्दी म्हणजे शाळेचा निळा फ्रॉक आणि एका बाजूला सुटलेली रिबीन. आबांनी चष्मा काढला आणि धोतराने पुसत बसले. मला इतका आनंद झाला की स्वतःचाच राग आला. हा माणूस माझी पोर पळवून न्यायला आला होता आणि मी त्याला चहा पाजत होते आणि मला हसूही येत होतं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. तिला गावी ठेवायची आणि रजा संपली की युनिटला जायचं, पुढचं पुढे बघू, असं भावाने ठरवलं होतं. त्यांच्या आईला नातीला डोळे भरून बघायचं होतं, एवढंच त्यातलं त्यांचं स्वतःचं होतं. मी त्यांना तोंडावर सांगितलं, की तुम्ही तिला परत आणणार नाही याची मला भीती वाटते, आणि त्या भीतीने मी धड जेवलेसुद्धा नाही. ते म्हणाले, "भ्या वाटंल असंच वागलो आमी. पर आईला एकडाव दाखवू दे. तू सांगशील तवा आणून सोडतो."

मी लगेच हो म्हटलं नाही. वकिलांकडे गेलो, कोर्टाच्या परवानगीने सगळं रीतसर ठरलं, आणि दिवाळीच्या सुट्टीत ती पप्पांबरोबर गावी गेली. निघताना पप्पांना आठवड्याचा शब्द तिने स्वतः कानात सांगितला. मी फाटकात उभी राहून हात हलवला आणि आत येऊन देवघरासमोर बसून रडले. आबांनी त्या दिवसांत तुळशीच्या कुंड्या कितीदा हलवल्या याचा हिशेब नाही.

रोज संध्याकाळी फोन यायचा. रेंज जायची यायची. मधूनमधून मेंढरं, कोकरं, आजीची गोधडी, चुलतभावांबरोबर बांधलेला मातीचा किल्ला एवढं ऐकू यायचं. ती खुशीत होती. तिच्या खुशीनेही मला धाकधूक व्हायची, हे खरं सांगते.

आणायला मी एकटीच गेले. विटा, मायणी करत एसटी दहिवडीला पोचली तेव्हा दुपार झाली होती. स्टँडवर भाऊबिजेची गर्दी. पिशव्या, पोरं, माहेरवाशिणी, सगळे एकमेकांना तुडवत चाललेले. मला ती लांबूनच दिसली. उन्हाने रापलेली, डोक्याला फडकं बांधलेली, पप्पांचं बोट धरून उभी. शेजारी मोठे दीरही होते. मी गर्दीतून वाट काढत धावले.

"थम! हुकमदार!"

मी थांबले. मागची बाई माझ्यावर आदळली. मी हात वर केले, एका हातात पर्स, आणि म्हटलं, "दोस्त." तिने शब्द विचारला. मी हसतच ती निघाली तेव्हाचा शब्द सांगितला. तिने मान हलवली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मध्ये रविवार येऊन गेला होता. तिने तिकडे शब्द बदलला होता आणि आमच्यापैकी कुणाच्याच हे ध्यानात आलं नव्हतं. आबांच्याही नाही.

ती गंभीरपणे म्हणाली, "आई, मग तुला येता येणार नाही."

लोक वळून बघायला लागले. कोर्टाचा कागद पर्समध्ये होता, पण तो दाखवायचा कुणाला? सहावं लागलेल्या मुलीला? तिने पप्पांचं बोट घट्ट धरलं होतं आणि शब्द फक्त त्या दोघांना माहीत होता. मोठे दीर त्यांच्या कानाशी काहीतरी म्हणाले. मी हात वर करून उभी होते आणि मला जिन्याजवळचं ते वाक्य ऐकू येत होतं.

पप्पांनी तिच्या हातातून बोट सोडवून घेतलं. ते चालत माझ्यापर्यंत आले, जरा वाकले आणि हळूच म्हणाले, "माडगं."

मी ओरडूनच सांगितलं. स्टँडवरच्या सगळ्यांना कळलं असेल की ही बाई हुलग्याच्या खिरीचं नाव घेऊन रडतेय. लेक धावत आली आणि माझ्या पोटावर आदळली. अंगाला मेंढरांचा वास येत होता. आजीने रोज माडगं पाजायचा प्रयत्न केला होता आणि ती ते एकदाही प्यायली नव्हती, हे तिने मला तिथल्या तिथे सांगितलं.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली आणि मायणी येईपर्यंत गप्प झाली नाही. कोकराला बाटलीने दूध कसं पाजलं, किल्ल्यावरचे मावळे कुणी पळवले, सगळं आलं. मग मधूनच, काही विशेष नसल्यासारखं म्हणाली, "काका पप्पांना म्हणत होते, आईला शब्द सांगू नको, मग पोरगी इथंच राहील."

मी विचारलं, पप्पा काय म्हणाले.

"पप्पा म्हणाले, न्हाई दादा, तिची आई दोस्त हाय."

मग मी पर्समधून फोन काढला, त्यांना लावला आणि तिच्या हातात दिला. म्हटलं, येत्या रविवारचा शब्द आत्ताच ठरव आणि पहिल्यांदा पप्पांना सांग. तिने क्षणभर विचार केला. मग मला ऐकू जाऊ नये म्हणून खिडकीकडे तोंड करून, फोनवर हाताचा आडोसा धरून, तिने त्यांना शब्द सांगितला.